पत्र्याच्या पलीकडून

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, तेव्हा जमला तेवढाच वाकलो आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? पथ्य पाळता, की आईला फोनवर नुसतं ‘हो हो’ करता? पत्राला विशेष कारण नाही, सहज आठवण आली एवढंच.

आमचा हेवी मेटल बँड अजून चालू आहे. चालू म्हणजे धुगधुगी आहे. मधल्या वर्षांत आम्ही सुधारत गेलो आणि तिथेच घात झाला. आधी व्हायोलिन आलं, मग बासरी, आणि गेल्या अल्बममध्ये ‘कवट्यांचा डोंगर’ या गाण्यामागे चक्क लहान मुलांचा कोरस होता. तो अल्बम हल्ली एका दवाखान्यात पेशंटांना झोप लागावी म्हणून लावतात. शेवटी कंपनीने निरोप धाडला, की पुढचा अल्बम पहिल्या कॅसेटसारखा कच्चा, रांगडा करा, नाहीतर गाशा गुंडाळा. गंमत बाजूला ठेवून सांगतो मामा, मला दुसरं काही येतच नाही हो.

पहिली कॅसेट म्हणजे तुमच्या शेडमधली. पत्र्याच्या आडोशाच्या अलीकडे तुम्ही गाड्यांचे पत्रे ठोकत होता आणि पलीकडे आम्ही रेकॉर्डिंग करत होतो, ती. तोच आवाज परत आणायचा म्हणून आम्ही कामाला लागलो. बेसवाल्याने (हा आता विमा विकतो, त्यामुळे त्याला कशाचीच खात्री नसते) चांगल्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला. त्यातून फुटक्या घागरीसारखा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. गावाबाहेर एक शेड भाड्याने घेतली, तर तिचे पत्रे कोरे करकरीत. त्यांना गंज चढावा म्हणून आम्ही चार बाप्ये आठवडाभर मिठाचं पाणी शिंपडत होतो. गंज चढला तो ड्रमच्या स्टँडला. ड्रमवाला दातांचा डॉक्टर आहे. तो पाठीला उशी, कानात बोळे आणि डब्यात पपई घेऊन येतो, आणि मग म्हणतो, “राग कसा येत नाही रे हल्ली?” माझं तर विचारूच नका. घशाच्या डॉक्टरांनी किंचाळायची परवानगी दिली आहे, पण कोमट पाणी पिऊन. पहिली डरकाळी फोडली तेव्हा शेजारच्या गोदामाचा रखवालदार धावत आला आणि कोणाला उलटी होतेय का म्हणून लिंबू देऊन गेला.

शेवटी रेकॉर्डिंग करणारी मुलगी वैतागली आणि ती जुनी कॅसेट कानाला लावून बसली. बराच वेळ ऐकून म्हणाली, “काका, हे ठोकतंय कोण?” आम्ही अभिमानाने ड्रमवाल्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, “हे मागे पडतात ते नव्हे हो. जो ठेका धरून ठेवतोय, तो.” मामा, तो तुमचा हातोडा होता. आणि ज्या आवाजाला एका समीक्षकाने ‘पाताळातून आलेली हाक’ म्हटलं होतं (मला वाटायचं माझंच कौतुक आहे), तो तुमचा. नीट ऐकलं तर शब्दही कळतात: “बंद करा रे मेल्यांनो! डोकं उठलं माझं!” दातांचा डॉक्टर त्या दिवसापासून रुसला आहे, पण पपई मात्र खातो.

असो. सगळं ठीक चाललं आहे. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा

ता. क. सहज म्हणून विचारतो, तो हातोडा अजून आहे का? आणि पुढच्या रविवारी तुम्ही मोकळे आहात का? गाडी घेऊन येतो. एक चेपलेलं दारही मिळवून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. आई म्हणते, मामी गेल्यापासून तुम्ही शेड उघडली नाही आणि कोणावर साधं खेकसलाही नाहीत. तिला याची फार काळजी वाटते. मलाही वाटते. या मामा, पोटभर ओरडा. खोटं ओरडावं लागेल असं मनात आणू नका. आम्ही अजून तितकंच वाईट वाजवतो.