भूगोलाच्या टिपणांतील निनावी उंट

भूगोल विभाग, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, दुपार

दमयंती अनंतराव वैजापूरकर,

सप्रेम नमस्कार. मी येथे कुशल आहे. पत्रारंभी समोरच्या व्यक्तीच्या प्रकृतीची विचारपूस करावी, असा शिष्टाचार आहे. तुझ्या बाबतीत तो कसा पाळावा, हे ठरवण्यात बराच वेळ गेला. अखेर तुझे गुडघे आता दुखत नसावेत, असे गृहीत धरून पुढे जातो. माझा रक्तदाब मर्यादेत आहे. कढीपत्त्याला पाणी घालतो. (जास्त घालतो, असे शेजारच्या बाई म्हणतात. म्हणजे त्या गॅलरीतून पाळत ठेवतात.)

पत्राचा हेतू तक्रारीचा आहे. तू गेलीस तेव्हा तुझा पेपर अर्धा शिकवून झाला होता. तुझ्या जागी नवी नेमणूक करण्याची फाइल फिरत आहे. (ती नेमकी कोठे फिरते, हे भूगोलाच्या माणसालाही सांगता येत नाही.) तोपर्यंत, मी याच विषयाचा निवृत्त प्राध्यापक असल्याने, उरलेला भाग मी पूर्ण करावा, अशी विनंती तुझ्या प्राचार्यांनी केली. शिवाय नव्या धोरणानुसार काही तासिका ऑनलाइनच घ्यायच्या, असे कळले. मला स्वतंत्र खाते देण्याची प्रक्रियाही सुरू आहे, म्हणजे ते मिळणार नाही, हे मी ओळखले. म्हणून शिपाई सखारामकडून किल्ल्या घेऊन तुझ्या खोलीत बसतो व तुझ्याच संगणकावरून तुझ्याच नावाने शिकवतो. तुझा पासवर्ड संगणकाला आठवतो. नवरा असूनही मला तो कधी माहीतच नव्हता.

परिणाम असा की पडद्यावर माझ्या चेहऱ्याखाली "दमयंती वैजापूरकर" अशी पाटी असते. पहिल्या दिवशी मी प्रास्ताविक संपवले, तेव्हा शिवराज नावाच्या विद्यार्थ्याने अत्यंत काळजीने विचारले, "मॅडम, आवाज बसलाय का तुमचा?" तू गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती आणि पडद्याकडे तो पाहतही नव्हता. ती पाटी बदलण्याची सोय आहे म्हणे. मी ती शोधलेली नाही.

बाकी वर्ग म्हणजे काळे चौकोन. कॅमेरे बंद, माइक बंद. प्रत्येक चौकोनामागे विद्यार्थी आहे, असे मानायचे. मी विचारतो, "समजले का?" चौकोन अंगठा दाखवतो. अंगठ्यावर विश्वास ठेवायचा, तर निरक्षरांकडून कर्जरोख्यावर अंगठे घेणारा सावकारही मग प्रामाणिकच ठरेल.

परंतु खरा संशय मला तुझ्या टिपणांविषयी आला. ती सामायिक फाइल आहे, तिची लिंक असलेल्या कोणालाही तीत लिहिता येते. (ही व्यवस्था तू मान्य केलीस, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आपल्या घरी दुधाची पिशवीसुद्धा दाराच्या आत घेतली जात असे.) जो स्वतःचे खाते न उघडता आत येतो, त्याला ही यंत्रणा एका प्राण्याचे नाव देते. मी ती फाइल प्रथम उघडली, तेव्हा तीत निनावी कोल्हा, निनावी बदक आणि निनावी उंट वावरत होते. पदवीच्या दुसऱ्या वर्षात उंट!

जलविभाजकाच्या प्रकरणात मला पुढील वाक्य आढळले: "अजिंठ्याचा डोंगर म्हणजे डोक्यातला भांग. भांगाच्या इकडचं पाणी गोदावरीला, तिकडचं तापीला." उच्च शिक्षणाच्या टिपणांत केशरचना कोणी घुसडली, म्हणून मी ते खोडले आणि तेथे "दोन नदीखोऱ्यांस विभागणारी उंच भूरेषा" ही शुद्ध व्याख्या घातली. दुसऱ्या दिवशी व्याख्येखाली भांग हजर. पुन्हा खोडला, पुन्हा उगवला. एकदा तर मी खोडत असतानाच बदक शेजारी उभे राहून लिहीत होते.

माझा संशय श्रीरंगवर गेला. तुझा हा कनिष्ठ सहकारी मला भेटेल तेथे "काका, काही मदत लागली तर सांगा" म्हणतो. विनाकारण मदत करू पाहणाऱ्या माणसाबद्दल माझे मत तुला ठाऊक आहे. त्यातच कार्यालयाने कळवले की आज सायंकाळी तुझे खाते बंद होईल व तोपर्यंत टिपणे कोणाच्या तरी नावे केली नाहीत, तर तीही नष्ट होतील. कोणाच्या नावे? नाव घ्यावे असा श्रीरंगच काय तो होता. तुझी सगळ्या वर्षांची मेहनत टिपणांची नासधूस करणाऱ्याच्या हाती जाणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

म्हणून मी सापळा लावला. टिपणांत मुद्दाम चुकीचे लिहिले, "आपल्या शहरातील खाम नदी तापीस मिळते." ज्याला टिपणांची खरी काळजी असेल तो दुरुस्त करील, ज्याला केवळ खोडी काढायची असेल तो भांगच पाडत बसेल, असा माझा तर्क होता. घडले असे की साऱ्या वर्गाने ती चूक निष्ठापूर्वक स्वाध्यायात उतरवली. शिवराजला विचारले, तर म्हणाला, "मॅडमच्या खात्यावरून आलंय म्हणल्यावर बरोबरच असंल ना, सर." श्रीरंगने तर टिपणे उघडलीच नव्हती, तुझी फाइल पाहवत नाही, असे तो कॉरिडॉरमध्ये म्हणाला व पाणी पिण्यास निघून गेला.

दुरुस्ती फक्त उंटाने केली.

काल तासिकेच्या शेवटी मी कडक शब्दांत विचारले की उंट कोण आहे. मग डोंगरापलीकडच्या, तापीच्या बाजूच्या सोयगावच्या मोनिका नावाच्या मुलीने या सत्रात प्रथमच माइक उघडला. मागे शेळी ओरडत होती.

"मी हाय, सर. खाम तापीला गेली असती, तर आमच्या अंगानं गेली नसती का? आम्हाला दिसली नाय कधी."

मी तिचे अभिनंदन केले व भांगाविषयी जाब विचारला.

"ते मॅडमचं हाय, सर. त्यांनी आमच्यासमोर लिहिलं होतं. तुम्ही खोडलं की आम्ही परत लिहितो. पाळी लावलीय सगळ्यांनी."

"आज माझी होती," शिवराज म्हणाला. त्यानंतर एकेक कॅमेरा उघडत गेला. दमयंती, प्रत्येक चौकोनामागे खरोखर माणूस होता.

तू असे वाक्य लिहिशील, हे माझ्या मनातही आले नव्हते. आज सकाळी आरशासमोर ते पडताळून पाहिले. माझ्या डोक्यावर आता जलविभाजक उरलेला नाही, सारे पठारच आहे. परंतु सिद्धान्त अचूक आहे. व्याख्या मी काढून टाकली. भांग राहील.

असो. या साधनांवर माझा विश्वास नाही, तो बसण्याची शक्यताही नाही.

तुझा,
अनंतराव

ता. क. १: आता मुख्य विषय. टिपणे श्रीरंगच्या नावे केली. मालकाच्या जागी यापुढे त्याचे नाव दिसेल, म्हणून तुझे नाव पहिल्या पानावर मी स्वतः टंकले आहे. ते कोणी खोडल्यास पाळी लागलेली आहेच. पुढील सत्रातही हा पेपर शिकवाल का, असे प्राचार्यांनी विचारले आहे. माझा नकार लिहून तयार आहे. तुझी संमती असेल, तर तो फाडावा म्हणतो. हरकत असल्यास कळवावे. न कळवल्यास संमती समजेन.

ता. क. २: माझे अक्षर तुला कधीच लागले नाही, म्हणून हे पत्र तुझ्या टिपणांच्या शेवटच्या पानावरच टंकत आहे. आताच ध्यानात आले की खाली निनावी उंट उभा आहे. मोनिका, हे पत्र खासगी आहे.

वाचलं नाय, सर.

(वरील ओळ माझी नाही.)

ता. क. ३: तुझे खाते बंद झाले. हे महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा राहून, माझ्या स्वतःच्या फोनवरून लिहीत आहे. येथे माझे नाव निनावी पाणघोडा असे दिसते. हरकत नाही. संगणक बंद केला. खोलीस कुलूप लावले, किल्ल्या सखारामकडे परत दिल्या.