थोरलीचं टेबल

५ ऑक्टोबर १९३४, विंझर

दुकानाच्या दाराला नवी चौकट बसवली. झकास झाली. सौ. म्हणते, उंबरा फार उंच. म्हटलं, बोटीवर असाच असतो, पाणी आत येत नाही. "हितं कुठनं येतंय पानी?" तोरण्यावरनं, म्हटलं. हसली नाही. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं ठेचकाळली. होईल सवय. बोटीवर नव्या माणसाला दोन दिवस लागायचे, विंझरच्या माणसाला चार लागतील.

दुकान सौ.चं आहे, हे मला रोज नव्यानं कळतं. मीठ, गूळ, काड्यापेट्या, आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीवानांना चहा. मी बोटीवर सुतारकी करत हिंडलो तेवढी सगळी वर्षं तिनं एकटीनं चालवलं. आता मी कायमचा घरी आलोय. सगळं शिस्तीत लावून देणार आहे. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. म्हणेल.

८ ऑक्टोबर

मिठाच्या गोणीवरून वाजलं. ती दारापाशी आडवी येते म्हणून मी मागच्या भिंतीला लावली, खाली लाकडाची पेटी घालून. ओल लागत नाही, वाटेत येत नाही. मी पाणी भरून येईतो गोणी परत दारात! मी पुन्हा हलवली. तिनं पुन्हा आणली. मग म्हणाली, "तुमी पाव्हन्यावानी येत व्हता, तेच बरं व्हतं."

लागलं. उलट बोललो नाही. म्हणजे बोललो, पण परसात जाऊन.

११ ऑक्टोबर

नसरापूरच्या मोटारवाल्यानं निरोप आणला. इब्राहिमचा. इंजिनखोलीतला माझा जिवाचा दोस्त, आता मुंबईतच असतो. थोरली दारूखान्यात आणलीय, जुन्या बोटी फोडतात त्या बंदरात. भंगारवाल्यानं घेतली. तोडायला सुरुवात.

थोरली म्हणजे आमची बोट. तिचं विलायती नाव आमच्या जिभेवर कधी बसलंच नाही. कंपनीच्या सगळ्या आगबोटींत जुनी, म्हणून थोरली. माल नाही, टपाल नाही, नुसते हौशी साहेबलोक आणि मडमा देश बघत हिंडायच्या. काय थाट होता! मला वाटलं होतं कुठल्यातरी बंदरात शोभेला तरी उभी करतील. दोघं बरोबरच निवृत्त झालो, मी इथं चहा पितोय आणि ती...

जेवण गेलं नाही. सौ.ला म्हटलं, मुंबईला जाऊन येतो. "तिच्यासाठी?" तिच्यासाठी. "जावा." पण भाकऱ्या चार जास्त बांधल्या, इब्राहिमसाठी.

१४ ऑक्टोबर, मुंबई

बघितली. भरतीच्या पाण्यावर चिखलात चढवलीय, नाक जमिनीकडे. इतकी उंच मला कधी वाटली नव्हती. पाण्यात असताना निम्मी दिसतच नव्हती ना. धुराडं गेलं. वरचा मजला गेला. घण थांबत नाहीत. इब्राहिम म्हणाला, "मी रोज येतो आणि रोज ठरवतो, उद्या नाही यायचं."

मी रडलो. इथं लिहायला लाज कसली.

१५ ऑक्टोबर

जेवणघराच्या भिंतींचं सागवान पहारीनं फोडून काढत होते. सगळ्याच्या चिरफाळ्या. बघवेना. सरळ मुकादमाकडे गेलो. म्हटलं, मी काढून देतो, अख्खं निघेल, बदल्यात एक टेबल द्या. म्हणाला, "तुम्ही कोण?" म्हटलं, यातला निम्मा माल मी बसवलाय. त्यानं एक फळी काढायला लावली, बघितली, आणि पुढं काही विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

मी बसवलेले पितळी इस्क्रू मीच काढले. हात कुठं चुकला नाही. इब्राहिम म्हणतो, परत लावायचे असल्यासारखे काढतोयस. एक खिशात ठेवला.

टेबल डाव्या अंगाच्या खिडकीजवळचं. काठाला चौफेर बोटभर उंच पट्टी, हेलकाव्यात बशी पडू नये म्हणून. एका तुफानात त्याचे पाय मोडले होते, चारही नवे मीच केलेले. दुसरं कुठलं घेणार?

निघताना इब्राहिमनं खडा टाकला. दुसऱ्या एका बोटीवर सुताराची जागा आहे, दिवाळी झाली की निघणार. त्यानं माझं नावही सांगून ठेवलंय. म्हटलं, मी कायमचा घरी गेलोय बाबा. "दिवाळीपर्यंत राहून बघ. मग कळव."

१९ ऑक्टोबर, विंझर

पुण्यापर्यंत रेल्वे, नसरापूरपर्यंत मोटारीच्या टपावर, पुढं धोंडीनानांची बैलगाडी. टेबल सगळ्या वाटेनं उताणं, पाय वर. धोंडीनाना शेजारचेच, जिभेला हाड नाही. "म्हस निजवून आनली जनू!"

दुकानात उतरवलं, सुलटं केलं, हात झटकून मागं सरलो. टेबल एका अंगाला कलंडून उभं! चारही पाय चार मापांचे. आख्खी आळी हसली. धोंडीनाना म्हणाले, "पाय लई झ्याक हायेत, पर चार जनांनी चार गावात बसून केल्यावानी."

माझ्या लगेच ध्यानात आलं, आणि कानशिलं तापली. बोटीचा डेक सपाट कुठं असतो? मध्ये फुगीर, कडांना उतरता, नाकाकडे चढता. त्या उतारावर टेबल सरळ उभं राहावं म्हणून मीच माप घेऊन एकेक पाय वेगळा कापला होता. आणि मग ते इतकी वर्षं डोळ्यांसमोर सरळ उभं राहिलं, की पाय लहानमोठे आहेत हे मीच विसरलो. थोरलीचा सुतार म्हणे!

सौ.नं त्यावर बशी ठेवली. बशी घसरत गेली आणि पट्टीला अडली. "पट्टी बरी हाय," म्हणाली.

२१ ऑक्टोबर

धोंडीनाना रोज सांगतात, काप आणि मोकळा हो. बरोबर आहे. सुताराला काय अवघड? आज करवत घेऊन बसलो, खुणा केल्या, उठलो. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो.

दारूखान्यात थोरलीच्या भिंती उतरवल्या तेव्हा हात अडला नाही. इथं चार पाय कापवत नाहीत. ती बाकी सगळी भट्टीत जाणार. तिचा डेक कुठं चढत होता, कुठं उतरत होता, ते आता फक्त या चार पायांत राहिलंय. कापले की तेही गेलं. मग हे साधं टेबल, भोरच्या बाजारात मिळतं तसं.

खुणा पुसून टाकल्या.

२४ ऑक्टोबर

पाचरी घातल्या. सरकतात. चपटे दगड घातले. तेही सरकतात. आज एका गाडीवानाच्या धोतरावर सगळा चहा. धोतर नवं. सौ. भडकली. "ठिवायचं तर नीट ठिवा, न्हाईतर कापा. माझ्या दुकानात ही तऱ्हा नको."

माझं दुकान म्हणाली. मीही तापलो. म्हटलं, मग टेबलाबरोबर मीही हलतो, नव्या बोटीवर जागा आहे माझ्यासाठी.

बोलायला नको होतं. ती चूल फुंकत राहिली. जाळ लागल्यावर मान न वळवता विचारलं, "कवा निघायचं?"

दिवाळी झाली की, म्हटलं. तोंडातून गेलं ते गेलं.

२६ ऑक्टोबर

बोलणं बंद. जेवण वेळेवर. मला काही वाटत नाही.

वाटतं.

२८ ऑक्टोबर

सकाळी उठून बघतो तर दुकानातला सगळा माल ओसरीत आणि सौ. कुदळीनं जमीन उकरतेय. दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर नवी जमीन करते म्हणे. मला काय ठाऊक? दिवाळीला मी घरी कधी नव्हतोच. माती कालवली, पाणी मारलं, जमीन ठोकायची धुम्मस काढली. मग मला हाक. "ते टेबल आत आना."

म्हटलं, ओल्या जमिनीत पाय रुततील.

"रुतू द्या. बोटीवर ह्ये कसं हुबं व्हतं ते दावा. कुठला पाय वर, कुठला खाली?"

मग टेबलावर ताटलीत पाणी ठेवलं, ते सगळ्या कडांना सारखं लागेपर्यंत टेबल उचलून धरलं. ती खाली बसून आखूड पायांखाली माती भरत गेली. म्हणाली, "तुमचं लाकूड कापलं की गेलं. माती कशीबी वळती. आधी सांगाया काय झालं व्हतं?"

तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

आता माझा स्वभाव. म्हटलं, नुसते चार उंचवटे बरे दिसणार नाहीत, आख्खी जमीन त्याच उतारानं न्यावी लागेल, इकडून तिकडं. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या. "सांगा काय सांगायचं ते," म्हणाली, "पर धुम्मस माझ्या हातात ऱ्हाईल." राहिली. तिनं ठोकलं, मी दोरी धरली. पोटऱ्या भरून आल्या दोघांच्याही. धोंडीनाना दारातून बघून गेले, पहिल्यांदाच न बोलता.

१ नोव्हेंबर

वाळतेय. गिऱ्हाइकांना चहा बाहेर, चिंचेखाली. रोज थोडं पाणी मारून ती पुन्हा धुमसते, भेगा पडू नयेत म्हणून. काल मला एक कोपरा ठोकू दिला. मग तोच कोपरा स्वतः ठोकला.

३ नोव्हेंबर

सारवून झालं. टेबल उभं. ताटलीतलं पाणी सरळ. मी करून बघितलं, मग तिनं करून बघितलं.

धोंडीनाना उंबऱ्याला ठेचकाळले आणि आत येऊन उतारावर डुलले. "आरं, ह्यी जमीन हालती का काय?" म्हटलं, नाना, दोन दिवस लागतात.

सगळे गेल्यावर अनवाणी चाललो. खिडकीकडून दाराकडे, परत. पावलांनी ओळखलं. डोळे मिटले तर थोरलीचं जेवणघर, डाव्या अंगाची रांग. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सौ. चुलीपाशी होती, बघत होती. म्हणाली, "उंबऱ्याचं बाकी बरं झालं. कोंबड्या आत येत न्हाईत."

८ नोव्हेंबर, पाडवा

घरातला माझा पहिला पाडवा. पाट मांडायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तितंच बसा, टेबलापाशी." ओवाळलं. ताटात काय घालावं कळेना. लुगडं आणायचं राहून गेलं होतं, मुंबईला गेलो होतो तरी! खिशात थोरलीचा पितळी इस्क्रू होता, तो घातला.

"ह्याचं काय करू?"

ठेव, म्हटलं. तिनं पदराच्या टोकाला बांधला. मग निरांजन खाली ठेवत म्हणाली, "आता दिवाळी झालीच की."

१० नोव्हेंबर

इब्राहिमला आज कळवायचं. मोटार दुपारी नसरापुराहून सुटते, धोंडीनाना निरोप पोचवायला तयार बसलेत. मी थोरलीच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. वर त्याचं नाव लिहिलं. चांगलं सरळ लिहिता येतं यावर.

मधेच सौ.नं माळ्यावरून माझी बोटीची पेटी काढली, पुसली, आणि मागच्या भिंतीशी ठेवली. विचारलं, ही कशाला? "ते तुमी सांगायचं," म्हणाली आणि पाण्याला गेली. उघडून बघितली. रिकामी. ती माझे कपडे भरणार नाही आणि मला भरू नका असंही म्हणणार नाही. मोठी हट्टी बाई आहे. माझ्यासारखीच.

धोंडीनानांनी दोनदा हाक मारली. म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, चिठ्ठी राहू दे.

पेटीचं झाकण लावलं. दारातली मिठाची गोणी उचलली आणि नेऊन पेटीवर ठेवली. ओल लागत नाही, वाटेत येत नाही.

सौ. हंडा घेऊन आली, उंबरा न बघता बरोबर ओलांडला, गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चुलीपाशी गेली.

संध्याकाळ झाली. अजून तिनं हलवलेली नाही.