ऐंशीच्या पुढची थरथर

३ मार्च, सोमवार
आणि वर गॅरेजचा मिस्त्री मलाच म्हणतो, आधी ते चकचकीत रिम काढ. गेला आठवडाभर त्याचं हेच तुणतुणं. मी विचारतो, पिकअप ऐंशीच्या पुढे का थरथरते? हा म्हणतो, रिम काढ. उद्या डोकं दुखतं म्हणून गेलो तर टोपी काढायला सांगेल.

साधे रिम नाहीत ते. अलॉय आहेत. दोनच घेतले, पुढच्या चाकांना, कारण माणूस गाडी समोरून बघतो. जुने लोखंडी बदल्यात भंगारवाल्याला दिले, वरचे पैसे माझ्या पगारातून भरले. बाईंकडे एक दमडी मागितली नाही. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई, काचा आणि आरशांचं दुकान. त्यांनी रिम बघून एवढंच विचारलं की याने गाडी जास्त माल उचलते का. नजरच नाही लोकांना.

थरथर साठला नाही, सत्तरला नाही. ऐंशीला काटा गेला की स्टेअरिंग असं हलतं की कोपरापर्यंत मुंग्या येतात. अलॉय लावल्यापासूनच सुरू झाली हे खरं आहे, पण त्याच आठवड्यात थंडीही कमी झाली. कशामुळे काय होतं हे असं घाईत ठरवता येत नाही.

माझं निदान: हायवे खराब आहे.

४ मार्च
दुसऱ्या हायवेवर नेऊन बघितली. तोही खराब आहे. ठेकेदार एकच असणार.

ऐंशीला थरथरत्या आरशात मागून तीन ट्रक येताना दिसले. ओव्हरटेक एकानेच केलं.

६ मार्च, गुरुवार
मोठी बातमी. हायवेच्या फेऱ्या मारणारा जुना ड्रायव्हर गुडघ्यांपायी काम सोडतोय. पलीकडच्या शहरात हॉटेल उभं राहतंय, खोलीखोलीत आरसे, तीन महिने फेऱ्या. फेरीमागे वेगळा भत्ता. बाई म्हणाल्या, पंधरा तारखेला बारा आरसे घेऊन एक फेरी करून दाखव. सगळे अख्खे पोचले तर हायवेचं काम तुझं.

लगेच ताईला फोन. ताई गावाकडे कापडाच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभी असते. तिला नर्सिंगला जायचंय, तीन वर्षं नुसतं जायचंयच. वीस तारखेपर्यंत बावीस हजार भरायचे आहेत. म्हटलं, भर फॉर्म, फी माझ्याकडे लागली. दोन महिन्यांचा भत्ता बाई आगाऊ देतील. (अजून विचारलं नाही. हायवेचं काम मिळालं की विचारणार.)

ताई म्हणाली, नक्की ना? मी आठवीत शाळा सोडली तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीला हेच विचारते.

संकल्प: आठ दिवसांत थरथर फायनल. सकाळी लवकर उठणे. चहा दोनदाच.

७ मार्च
उशिरा उठलो. पण विचार करत पडलो होतो, झोप नव्हती.

विचारांती निदान बदललं. गाडी मागून हलकी आहे. हौद्यात वाळूची सहा पोती टाकून नेली. ऐंशीला थरथर आलीच नाही. कारण ऐंशी आलंच नाही, चढावर बासष्टला गाडीने मान टाकली. तरी प्रयोग चुकला असं म्हणता येणार नाही.

चहा पाच. वाळू उचलली होती.

८ मार्च, शनिवार
बाजारातून स्टेअरिंगचं जाड फोमवालं कव्हर आणलं. खूप फरक. थरथर आता मनगटापर्यंतच येते. म्हणजे सत्तर टक्के काम झालं. मिस्त्रीला दाखवायला गेलो. तो गाडीखाली झोपून डबा खात होता. कव्हर बघून म्हणाला, ताप आला की थर्मामीटरला स्वेटर घालतोस का. हसताना त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

९ मार्च, रविवार
सापडलं! कोणाची मदत न घेता.

आज सुट्टी होती, जॅक लावला आणि चाकांची अदलाबदल केली. पुढची दोन मागे, मागची दोन पुढे. रिम काढ, रिम काढ म्हणत होता ना, काढले. मागे लावले. हायवेला घेतली. सत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. स्टेअरिंग गार! एका बोटाने चालवली. डोळ्यांत पाणी आलं, काच उघडी होती.

सोबत खोलीतला लांबू होता. लांबू लॉन्ड्रीत इस्त्री करतो आणि प्रवासात गातो. रोज रडका आवाज, पण आज ऐंशीच्या पुढे त्याच्या गाण्यात आपोआप हरकती यायला लागल्या. मी कौतुक केलं तर म्हणाला, मी करत नाही, सीट करतेय. खाली उतरून थोडा वेळ डगडगत चालला. लांबूचं शरीरच सैल आहे.

थोडं काही मागे जाणवतं, नाही असं नाही. पण गाडी चालवायची हाताने असते, पाठीने नाही.

ताईला सांगितलं, काम झालं, दुकानाला राम राम कर. ती परत, नक्की ना? मी म्हटलं, लिहून देऊ का?

१० मार्च
मिस्त्रीला जाता जाता हॉर्न दिला आणि दोन्ही हात सोडून दाखवले. तो ओरडून काहीतरी सांगत होता. हेवा माणसाला किती लांबून बोलायला लावतो.

१२ मार्च, बुधवार
ताईने खरंच नोकरी सोडली. मला वाटलं होतं, पैसे आल्यावर सोडेल. मालकाने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली सुद्धा. ताईने पांढरे बूट घेतले, वर्गाला लागतात म्हणून. फोनवर पायात घालून चालून दाखवत होती, करकर आवाज ऐकवत होती. इतकी हसली की आईने मागून विचारलं काय झालं.

काम माझं ठरल्यातच जमा आहे, पण जेवण जरा कमी गेलं.

१४ मार्च
आरसे चढवले. लाकडी घोडीवर उभे, मधे पुठ्ठा, वरून पट्टा. बाईंनी स्वतः पट्टा ओढून बघितला. मला विचारलं, गाडीची ती थरथर? म्हटलं, मुळापासून काढली. कशी काढली ते विचारलं नाही, त्यामुळे सांगितलं नाही.

संकल्प: उद्या सत्तरच्या वर जायचं नाही.

१५ मार्च, शनिवार
सत्तरने जात होतो, मग एका दुधाच्या टेम्पोने ओव्हरटेक केलं. दुधाच्या! पंच्याऐंशीला घेतली. स्टेअरिंग लोण्यासारखं. वेळेआधी पोचलो, केस विंचरले, हॉटेलच्या साहेबाला म्हटलं, मोजून घ्या.

सात अख्खे होते.

पाचांना कोपऱ्यापासून तडे. एकात माझा चेहरा तीन ठिकाणी दिसत होता, तिन्ही ठिकाणी सारखाच. साहेबाने माझ्यासमोरच बाईंना फोन लावला.

येताना पूर्ण वेळ साठने आलो. रस्ता छान आहे तो.

१५ मार्च, संध्याकाळी
पट्टा बाईंनी ओढला होता हे मी बोलून बघितलं. बाई ओरडल्या नाहीत. माझ्या सीटवर चढल्या, मला हौद्यात रिकाम्या घोडीला धरून बसवलं आणि स्वतः हायवेला गाडी काढली. ऐंशीला माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. घोडी, मी, पुठ्ठे, सगळे एका तालात. मी थांबा म्हणालो, पण ते थ-थ-थ एवढंच झालं.

बाजूला घेतली, खाली उतरल्या, म्हणाल्या, "तुझ्या हातातली थरथर तू माझ्या मालात नेऊन ठेवलीस."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण जीभ चावली गेली होती.

निकाल: पाच आरसे पगारातून, हप्त्याने. पहिला हप्ता लगेच. हॉटेलच्या फेऱ्या बाई स्वतः मारणार. मी गावातल्या गावात, पन्नासच्या आत. आणि गाडी होती तशी करून दे, तुझ्या पैशाने.

१७ मार्च, सोमवार
अलॉय काढले. भंगारवाल्याने ते घेतले आणि आमचेच जुने लोखंडी परत दिले. वरचे पैसे यायला हवे होते त्यापेक्षा बरेच कमी आले. घेताना ते अलॉय होते, देताना ॲल्युमिनियम झाले. त्याच्याशी भांडलो. अजून थोडे कमी झाले.

मिस्त्रीने जुने चढवले. पंच्याऐंशीला गाडी अशी, की समोरच्या बाटलीतलं पाणीही झोपलं होतं. मिस्त्रीला विचारलं, प्रॉब्लेम होता काय? त्याने दाखवलं. अलॉयचं मधलं भोक मोठं, आमचा हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो, लहान, चाक मधोमध बसतच नव्हतं. मधे एक रिंग बसवली असती तरी चाललं असतं म्हणाला, पुडीभर शेंगदाण्याच्या किमतीत. मी म्हटलं, मग आधी का नाही बोललास. म्हणाला, तू हॉर्न देऊन गेलास तेव्हा तेच ओरडत होतो.

१८ मार्च
ताईला फोन करायचा होता. रेंज नव्हती. म्हणजे होती, पण पूर्ण नव्हती.

ठरवलं: बँकेचा सर्व्हर बंद आहे असं सांगायचं. पटण्यासारखं आहे.

१९ मार्च, बुधवार
सर्व्हरचं अर्धं वाक्य बोललो आणि ताई म्हणाली, किती कमी पडतायत तेवढं सांग.

सगळं सांगितलं. रिमपासून. चाकं मागे लावल्याचंसुद्धा. तिने विचारलं, गाडी आता हलते का? म्हटलं, नाही. नोकरी? म्हटलं, आहे, पन्नासच्या आत.

म्हणाली, बरं.

तिच्या जुन्या मालकाकडे काउंटरची जागा गेलीय, पण गोदामात घड्या घालायला माणूस हवा आहे, ती उद्यापासून जाणार. कॉलेजात विचारून आली होती, अर्धी फी भरली तर बाकीची पुढच्या महिन्यात चालते. म्हणजे ती माझा फोन यायच्या आधीच विचारून आली होती. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. खरं तर कळलं.

बूट परत करू नकोस म्हटलं. म्हणाली, घालून चालले ना, आता कोण घेतंय.

अकरा हजार भरायला हवेत उद्या. लांबूने त्याच्याकडचे दीड हजार काढून दिले, गाणंही म्हटलं नाही. मोबाईल विकून साधा घेतला. भंगारवाल्याचे, हातातले, सगळे धरून पाठवतोय: नऊ हजार आठशे.