वरच्या खोलीचं छप्पर

३ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ७.
वरच्या खोलीचं छप्पर मी स्वतः बदलणार. निर्णय पक्का. काल पत्र्याचा मिस्त्री येऊन गेला. दहा मिनिटं नुसतं वर बघत उभा होता. मग म्हणाला, पत्रे काढावे लागतील, बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्याही बदलाव्या लागतील, चार दिवस जातील. चार दिवस! ऑफिसातली अख्खी रेकॉर्ड रूम मी दीड दिवसात लावली होती. तेव्हापासून तिथे काही सापडत नाही, हा शोधणाऱ्यांचा दोष.
ही म्हणाली, मिस्त्रीलाच सांगू या. म्हटलं, तू बघच मी काय करतो ते. म्हणाली, तेच तर बघायचं नाहीये.

त्याच दिवशी, सकाळी ११.
बसवत नाही. तीनदा जिना चढलो-उतरलो. सासरे अठरा तारखेला कायमचे राहायला येताहेत, त्याच खोलीत. त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांवर पत्रे आणि फळ्या बसवल्या. लग्न ठरताना त्यांनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि 'मऊ आहे' एवढंच म्हणाले. बावीस वर्षं झाली, तो 'मऊ' डोक्यातून जात नाही. आता त्यांना नीट दिसत नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या बाजूने आहे.

४ ऑक्टोबर, रविवार.
अभ्यास. सहा व्हिडिओ पाहिले. बोलणं फार, म्हणून आवाज बंद करून. सगळे पत्रे खालून वर लावत जातात. का, ते एकही जण सांगत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ.
जुने पत्रे उतरवले, नवे चढवले. एका दिवसात! मी वरून सुरुवात केली. चढलोच आहे तर आधी वरचं उरकावं, ही साधी अक्कल. मग खालचा पत्रा वरच्या पत्र्याच्या कडेवर चढवून ठोकला. ओव्हरलॅप म्हणजे ओव्हरलॅप, कोण कोणाच्या वर याला काय महत्त्व?
दुकानदार स्क्रू आणि रबरी वॉशर गळ्यात मारत होता. म्हणे पत्र्याच्या उंचवट्यावर वॉशर लावून स्क्रू मारा. उंचवट्यावर खिळा डुगडुगतो. मी खोलगट भागात साधे खिळे मारले. थेट लाकडात, ठणठणीत.
ही खालून विचारत होती की जेवायला उतरताय का. काम करणाऱ्याला भूक नसते. (अंगठ्याला लागलं आहे. डावा. किरकोळ.)

११ ऑक्टोबर, रविवार.
भिंतीवरच्या फळ्या. जुन्या फळ्यांमध्ये जागोजाग फटी सोडलेल्या. आळस, दुसरं काय! मी एकेक फळी हातोडीने सारून अशी घट्ट बसवली की मुंगीलासुद्धा वाट मिळू नये. सगळ्यात खाली भिंतीच्या पायाशी एक सलग फट होती, तीही सीलंटने बुजवली. ही म्हणाली, ती मुद्दाम ठेवलेली असेल. बायकांना फटींचं काय कळतं, असं मनात म्हटलं. मनातच.

१४ ऑक्टोबर, बुधवार.
ऑफिसात लक्ष लागेना. खिडकीतून आभाळ अकरा वेळा पाहिलं. साहेबांनी विचारलं, काही पडायचंय का? म्हटलं, पडू दे!
पण पडलं नाही. घरी येऊन पत्र्यावर बादलीभर पाणी ओतलं. बादली मधोमध ओतल्यामुळे कडांचं काही कळलं नाही. टेस्ट पास.

१८ ऑक्टोबर, रविवार.
सासरे आले. वर गेले. बाहेर गॅलरीत उभं राहून त्यांनी फळ्यांवरून बोटं फिरवली. विचारलं, जावईबापू, सुरुवात कुठून केलीत? म्हटलं, वरून. मग विचारलं, पाणी जाणार कुठून? म्हटलं, पाणी आत येणारच नाही, तर जायचा प्रश्नच कुठे येतो? त्यावर पुन्हा एकदा फळीवरून बोट फिरवून आत गेले. कामाने माणूस भारावला की असंच होतं.

२० ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.
पहाटेपासून पाऊस. साडेपाचला हिची हाक. वर गेलो तर सासरे पलंगावर बसलेले, उशी डोक्यावर धरून. प्रत्येक खिळ्याच्या भोकातून एकेक धार. भिंतीच्या आत पाणी साचून खालच्या कडेतून खोलीतच येत होतं. फळ्या फुगून खिडकीवर अशा रेटल्या गेल्या की ती उघडेना. सासरे गारठून थरथरत होते. मी त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरलो. इतके हलके असतील असं वाटलं नव्हतं.
पाऊस तिरका होता, हे नोंदवून ठेवतो.

दुपारी.
सासऱ्यांना ताप. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ नाही, दोन दिवसांत उतरेल. ही माझ्याशी बोलत नाहीये. मिस्त्रीला फोन तिनेच केला, माझ्यासमोर उभी राहून. मी पत्र्यांच्या क्वालिटीबद्दल काही सांगणार होतो. तिने नुसतं बघितलं. राहू दिलं.

२४ ऑक्टोबर, शनिवार.
ताप उतरला. मिस्त्री वर चढला आणि तिथूनच ओरडला, हे कुठल्या गाढवाने केलंय? ही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, घराच्या आधीच्या मालकाने. मिस्त्री म्हणाला, खिळे खोलात, पत्र्यावर पत्रा उलटा चढवलेला, फळ्यांना फुगायला जागा नाही, पाणी निघायची वाट बंद. एवढ्या चुका ठरवूनसुद्धा जमत नाहीत. मी म्हटलं, असल्या माणसाला छपराच्या आसपास फिरकू देता कामा नये. जरा जोरातच म्हटलं.
खालच्या खोलीतल्या पलंगावरून सासऱ्यांचा आवाज आला. म्हणाले, मिस्त्री, त्या माणसाला मी ओळखतो. काम वाईट आहे, पण पाऊस आला तेव्हा मला पाठीवर घेऊन तोच धावला. त्याला काहीतरी काम द्या, नाहीतर दिवसभर येरझाऱ्या घालील.
मिस्त्रीने वरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार.

२५ ऑक्टोबर, रविवार.
दिवसभर शिडी धरली. एकदाही हलली नाही.