धुराड्यापर्यंतची वाट

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा एक लॉज. गीझर नुसता आवाज करतो. खिडकी उघडली तर समोर भिंत! पळायचे बूट पिशवीतून काढून ठेवलेत खरे, पण अंग असं आंबलंय की जिना चढतानाच दम लागला.

पार्सल ऑफिस लहानसं. तिघंजण, एक वजनकाटा, खोक्यांचे ढीग. नेहमीप्रमाणे पहिलाच प्रश्न टाकला — "सकाळी पळायला इथे चांगली वाट कुठली?" लगेच चेहरे सैल पडले. पाहुणा गावाची चौकशी करतोय म्हटल्यावर माणसं खुलतात, मग ऑफिसचंही भडाभडा बोलतात. युक्ती माझीच. आता कंपनीचे सगळेच पाहणीवाले ती वापरतात. आपण ऑफिस ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला आलोय, हे मात्र सांगायचं नाही. "नुसती पाहणी" म्हणायचं.

वाट सांगितली काट्यावरच्या बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही. "कालव्याच्या कडेनं जा, पूल ओलांडा, की जुन्या वीटभट्टीचं धुराडं दिसेल. तिथवर गेल्याशिवाय आमचं गाव कळायचं नाही तुम्हाला!"

५ नोव्हेंबर, बुधवार

चुकलो! पूल ओलांडायचा सोडून पुलाखालून गेलो आणि थेट कचऱ्याच्या ढिगात. कुत्री मागे लागली. गेल्या वर्षभरात एवढ्या वेगानं पळालो नसेन.

ताई हसून हसून बेजार. "अहो साहेब, खालून कशाला गेलात? पूल काय शोभेला बांधलाय?" काट्यापाशी येईल त्याला दिवसभर हेच सांगत होत्या. मलाही हसू आलं — बऱ्याच दिवसांनी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाय उचलेना. झोपून राहिलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं धुराडं! उंच, काळवंडलेलं, वरच्या भेगेत एक झाड उगवलेलं. खालच्या चौथऱ्यावर चढलो आणि अख्खं गाव समोर — शाळेचं पटांगण, पाण्याची टाकी, आमच्या ऑफिसचा निळा पत्रा. केवढासा दिसतो तो पत्रा! तिथेच बसून राहिलो. उठावंसंच वाटेना.

ताईंना सांगितलं तर खूश झाल्या. त्यांचे वडील त्या भट्टीवर विटा भाजायचे, ताई डबा घेऊन जायच्या. "अजून रोज सकाळी तिथवर चालून येते. नाहीतर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

संध्याकाळी घरी फोन. बायको म्हणाली, "परक्या गावांत धावतोस, घरी आलास की लोळतोस. इथे काय रस्ते नाहीत?" खरंय. आमच्या शहरात मी कधी पळालोच नाही. घरी गेलो की फक्त झोप.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाहणी आटोपली, सोमवारी कागद आवरून परतायचं. हे ऑफिस राहणार नाही. वर कळवून टाकलं.

ऑफिसातून निघताना ताईंनी गाठलं. "साहेब, एक विचारू? दवाखान्यात नोंदणीचं काम मिळतंय. सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. पण इथे इतकी वर्षं काढली, पाय निघत नाही. हे ऑफिस राहणार ना?"

"नुसती पाहणी आहे हो ताई." जीभ आपोआप वळली.

"मग नको म्हणून कळवते!" केवढा उजळला त्यांचा चेहरा.



९ नोव्हेंबर, रविवार

शीण आलाय. पळण्याचा नाही. वरून ताकीद आहे, महिनाअखेरपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. काढला तर माझी नोकरी जाईल. या वयात मला कोण ठेवून घेणार? गप्प बसावं. आजवर बसलोच की.

१० नोव्हेंबर, सोमवार

उजाडताच धुराड्याकडे पळालो. ताई चौथऱ्यावर होत्या. धाप लागलेली असतानाच सांगून टाकलं — "दवाखान्याला हो म्हणा. ऑफिस बंद होतंय."

वाटलं होतं, आभार मानतील. त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिल्या दिवशी वाट विचारलीत ती यासाठी?"

मी हो म्हणालो.

"आणि मी वेडी, तुम्हाला कालवा काय, पूल काय, समजावत बसले!" तरातरा उतरून गेल्या.

दुपारी काट्यावर दुसरंच कुणीतरी. ताई दवाखान्यात गेल्या म्हणे. बरं झालं. तरी सुटल्यासारखं वाटलं नाही. लाज वाटली, आणि ती अजून वाटतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरी. बूट पिशवीतच. बायकोला म्हटलं, रविवारी आपण दोघं चालायला जाऊ. "कुठे?" म्हणाली. सुचेना.

मुख्य कचेरीतून माझ्या साहेबांचा फोन. "तिथे बातमी कुणी फोडली?" माहीत नाही म्हणालो. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार

झोपलो. चालायला गेलो नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या इथल्या ऑफिसात मुख्य कचेरीतून एक बाई आल्यात. तरुण, हसतमुख. नुसती पाहणी आहे म्हणाल्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, "सर, सकाळी पळायला इथे चांगली वाट कुठली?"

इतकी वर्षं राहतोय या शहरात. एकही सांगता आली नाही.