कुणीच 'हो' म्हणालं नाही

ईरी सरोवराचा काठ, ओहायो
रविवार, १९ मे १९९६

प्रिय ट्रूडी,

तू आणि वॉल्टर बरे असाल असं धरून चालते. मी बरी आहे. तंबू बाबांचाच लावलाय, नळाच्या पलीकडे, नेहमीच्या जागी. पहिल्याच पावसात गळला. पाखरांचा मोसम चांगला आहे. दक्षिणेचा वारा सुटला की सकाळी झाडं पाखरांनी लगडतात आणि माणसं कॉफीचे मग धरून माना वर करून उभी. शेजारची व्हर्ना म्हणते, "यंदा पाखरांपेक्षा दुर्बिणीच जास्त आल्यात!" तिने तुझी चौकशी केली. मजेत आहे म्हटलं. मला तरी काय माहीत? वर्षभरात तुझं एकच कार्ड, तेही बाबा गेल्यावर, आणि त्यावर एवढंच:

"ते माझ्या लग्नाला आले नाहीत, मी त्यांच्या मातीला आले नाही. फिटलं."

त्याबद्दलच लिहायचंय. चार दिवस वही उघडते आणि मिटते.

बाबांचा नियम तुला पाठ आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या पाखरांत काळ्या टोपीचा वटवट्या सगळ्यात शेवटी येतो. तो गायला की मोसम संपला, त्याआधी तंबू उतरवायचा नाही. त्यापायी तुझे किती वाढदिवस गेले. म्हणून तर तू लग्न मेच्या शेवटच्या शनिवारी धरलंस, तोवर तो येऊन गेलेला असतो.

तो आला होता, ट्रूडी. गेल्या वर्षी, अठरा तारखेलाच. आमच्या डोक्यावरच्या ओकवर गात होता, त्याचं ते अगदी बारीक, टोकदार गाणं. बाबा खाली अंडी तळत होते. म्हणाले, "काय गं, उशीर करतोय यंदा."

उंचावरचं त्यांना दिसत नव्हतंच. सगळी भिस्त कानांवर. म्हातारपणी असे बारीक आवाज आधी जातात, इथे प्रत्येकाला त्याचीच धास्ती. गातोय म्हटलं असतं तर त्यांनी कान दिला असता, आणि त्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "येईल उद्या."

संध्याकाळी शेकोटीपाशी पाखरांची यादी वाचतात, ज्याने पाहिलं किंवा ऐकलं तो 'हो' म्हणतो. मी आधीच सगळ्यांना गाठून विनवलं. इथला जुना मर्विन उखडला. "तीस वर्षांत यादीत खोटं केलं नाही मी, लोइस. आता तुझ्यासाठी करू?" पण वटवट्याचं नाव आलं तेव्हा तोही बुटांकडे बघत गप्प राहिला. अशा नऊ संध्याकाळी गेल्या. कुणीच 'हो' म्हणालं नाही.

शनिवारी बाबा सकाळीच कोट घालून, टाय बांधून ओकखाली खुर्ची टाकून बसले. "गायला की निघू. दुपारपर्यंत पोचतो. चर्चमध्ये तिचा हात धरून चालायचंय मला." तो वर गात होता. थांबायचा, पुन्हा गायचा. दोन वाजता बाबांनी टाय सोडला. "ट्रूडी समजून घ्यायची नाही," म्हणाले.

"घेईल, बाबा," मी म्हटलं.

हट्ट त्यांचाच होता, नाही म्हणत नाही. पण एक वाक्य माझ्याकडे होतं. कानांचं दुःख त्यांना झालं असतं, आणि ते तुझ्याकडे आले असते. त्यांना जपायला गप्प राहिले, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. तेवढंच नव्हतं. वीस वर्षं त्यांच्याबरोबर तंबू मी लावला, आणि हात धरून चालायला ते तुझ्याकडे निघाले होते. ते उठले नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

ऑगस्टमध्ये, इस्पितळात, ते एकदा म्हणाले, "त्या वटवट्याचं काय झालं असेल गं? वाटेत वादळात सापडला असेल." तेव्हाही मी सांगितलं नाही. ते त्याचीच काळजी करत गेले.

तुझ्यापेक्षा त्यांना पाखरू मोठं होतं, असं तू समजतेस. ते कोट घालून बसले होते, ट्रूडी. एवढं तुला कळायला हवं. राग धरायचा तर इथे, माझ्यावर धर. त्यांच्या कबरीवर मात्र एकदा जाऊन ये. मी तिथे नसेन, असा दिवस तू सांग.

म्हणू देशील तोवर तुझी बहीण,
लोइस