स्टँडवर आहे, एवढंच मी सांगितलं

प्रिय रंजनाताई,

काल दुपारी आपल्या घरी उरणहून दोन बायका आल्या होत्या. हरेश भावोजींच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी चालली आहेत. त्या मुलीची आई आणि मावशी चौकशीला आल्या. पहिल्या बायकोच्या माहेरी येऊन विचारायचं म्हणजे त्यांनाही काहीतरी खटकत असणार ना? तू गेल्याला सहा वर्षं झाली. त्या बायका गेल्यापासून मला राहवेना, म्हणून आज लिहितेय.

आपल्या आईने काय सांगितलं असेल? "मानूस चांगला हाय. आमच्या रंजनावर लय जीव व्हता त्याचा."

मुलीच्या आईचा चेहरा खुलला. म्हणाली, "ते दिसतंच. आमच्या पोरीला आनायला रोज बसस्टॉपवर उभा असतो. चार महिने झाले, एक दिस चुकला नाय."

मी चहाचा ट्रे तिथेच खाली ठेवला, ताई.

तुझ्यासाठीही असाच उभा राहायचा, आठवतं? तू पनवेलच्या चष्म्याच्या दुकानात होतीस. दुकान बंद व्हायच्या अर्धा तास आधी समोर त्याची बाइक लागलेली. मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणींना मुद्दाम त्या रस्त्याने आणायचे, बघा, माझे होणारे भावोजी! त्याने हातावर तुझं नाव गोंदवून घेतलं तेव्हा तर मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं. केवढी खुळी होते मी!

लग्न होऊन तू सासरी कोन गावाला गेलीस आणि तो दुपारीही दुकानासमोर दिसायला लागला. तिकडे उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामातली त्याची नोकरी, तिथून भरदुपारी यायला त्याला वेळ कसा मिळायचा? हा प्रश्न आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. मग एक दिवस तू सांगितलंस, मी दुकानातली नोकरी सोडली. का, तर फ्रेम घालताना तू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतेस, हे भावोजींना खपेना म्हणून! चष्मा विकणाऱ्या बाईने बघायचं तरी कुठे? तू मान खाली घालून फ्रेम बसवायला लागलीस, मालक ओरडला, आणि तू घरी बसलीस. आई म्हणाली, "बायकोला उन्हातान्हात पाठवाचं नाय त्याला. असा जावई शोधून सापडाचा नाय."

आईला दोष देत नाही. मलाही तेच वाटत होतं.

गणपतीला आलीस तेव्हाची गोष्ट. राहणार होतीस दोन दिवस. तो संध्याकाळीच येऊन अंगणात बसला. "ती नसली की मला जेवण जात नाही," म्हणाला. सगळे हसले, कौतुकाने. तू आत मोदकाची भांडी घासत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दर्शू, मला जेवण जातं का, हे कोणी विचारत नाही गं."

मीही हसले होते, ताई. म्हटलं, नाटकं करू नकोस.

मला नीट का नाही सांगितलंस? हात धरून, दार लावून? पण सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं का, याची आता मला खात्री नाही.

आणि मग तो दिवस. सकाळी अकराच्या सुमारास तुझा फोन आला, अनोळखी नंबरवरून. "मी स्टँडवर आहे. घरी येतेय, कायमची. पिशवी जड आहे, घ्यायला ये. आणि कोणाला बोलू नकोस." मी चप्पल घालत होते तेवढ्यात त्याचा फोन. रडत होता. "दर्शू, तुझी ताई घरातून गेलीय. जिवाचं काही करून घेईल गं. परत नाही आली तरी चालेल, मला काही नको, फक्त सुखरूप आहे एवढं सांग."

मी सांगितलं. "रडू नका भावोजी, सुखरूप आहे. स्टँडवर आहे. मी निघालेच आहे."

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

मी पोहोचले तर तू नव्हतीस. दोन तासांनी दवाखान्यातून फोन आला, तू गेलीस म्हणून. तो म्हणे तुला कर्नाळ्याला फिरायला नेत होता. गतिरोधकावर बाइक उडाली, तुझा हात सुटला. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, तेवढंच. फिरायला? पिशवीत चार साड्या आणि दहावी-बारावीची सर्टिफिकेटं घेऊन?

त्याच्या शर्टाची खांद्यावरची शिवण उसवली होती. मी बघितली. पडताना धरलं होतंस? की गाडी थांबव म्हणून ओढत होतीस? की तूच उडी टाकलीस? की त्याने... सहा वर्षं मी हेच उलटंसुलटं करतेय. पोलिसांनी विचारलं, काही भांडण होतं का? आई म्हणाली, "नाय साहेब, लय जीव व्हता." आणि मी शेजारी गप्प उभी. बोलले असते तर फोनचं बाहेर आलं असतं ना!

दहाव्याला त्याला दोघांनी धरून उभं केलं होतं, इतका रडत होता. बायका म्हणत होत्या, काय हे प्रेम! तोच माणूस मी पाण्याचा तांब्या द्यायला गेले तेव्हा एकदम शांत आवाजात म्हणाला, "फोनचं कोणाला बोललीस का? नको बोलूस. आईला सोसायचं नाही." तांब्या घेतला आणि पुन्हा रडायला लागला.

त्यानंतर महिन्याभराने तुझ्या दुकानातली रेहाना भेटली. त्या दिवशी स्टँडवरून तू मला केलेला फोन तिच्याच मोबाइलवरून होता. म्हणाली, "अल्ला शप्पथ, ती बाइकवर बसायला तयार नव्हती. त्याने पिशवी हिसकावून पुढे टाकीवर ठेवली, तेव्हा बसली. मला वाटलं मियाँ-बीवीचा मामला, मी कशाला बोलू?" आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून रडलो. आणि आपापल्या घरी गेलो. गप्पच.

काल त्या बायका निघाल्या तेव्हा मुलीची आई दारात थांबली. "तू कायच बोलली नाय गं?" मी म्हटलं, "तुमचा पत्ता देऊन ठेवा." आई आत होती, एवढंच सुचलं. त्या गेल्यावर आईने विचारलं, "पत्ता कशाला मागितलास?" तिची नजर माझ्यावरून हटेना. तिलाही आतून काही ठाऊक आहे का गं? की मला आता सगळ्यांचाच संशय येतो?

मुलीचं नाव विचारून घेतलंय. निकिता. वय तेवीस. उरणला मेडिकलच्या दुकानात कामाला आहे.

ताई, उद्या सकाळच्या एसटीने मी उरणला जाणार. आधी निकिताला गाठेन, आईवडिलांना नंतर. तुझं काय झालं ते मी बघितलेलं नाही, तेव्हा ते मी रचून सांगणार नाही. जे मला माहीत आहे तेवढं सांगेन. आणि सुरुवात माझ्यापासून करेन, की तो रडला आणि तू कुठे आहेस ते मी त्याला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, हाकलून दिलं, तरी परवा पुन्हा जाईन. आणि जायच्या आधी, सकाळी चहा करताना, हे सगळं आईला सांगेन. शब्द देते.

तुझी,
दर्शू